सातिवलीच्या गाळ्याचं कुलूप

आमच्या विहिरीचं पाणी खारं व्हायला लागलं, ते सगळ्यांत आधी आईच्या लक्षात आलं. चहात दूध फाटायला लागलं होतं. तिने दूधवाल्याला बोल लावले, पातेलं राखेने घासून चकचकीत केलं, मग एका सकाळी विहिरीवर उभ्या उभ्या ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि पपांकडे पाहिलं. पपांना ते आधीच कळलेलं असावं. त्यांच्या हातची पानवेल मेली नव्हती कधी. ती त्या वर्षी मेली, आणि केळीच्या पानांच्या कडा कुणीतरी चटका दिल्यासारख्या तपकिरी पडल्या. वसईतल्या आमच्या गिरीज गावात तेव्हा वाडीवाडीत पाण्याच्या मोटारी घरघरत होत्या. जमिनीतलं गोडं पाणी वर ओढलं जात होतं आणि त्याच्या जागी समुद्र आत सरकत होता. हे मी आज सांगते. तेव्हा आम्हांला एवढंच कळत होतं, की ज्या वाडीवर आमचं घर उभं होतं ती आजारी पडली आहे आणि तिला औषध नाही.

घर मात्र तसंच चालू होतं. पहाटे आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची तो थप थप आवाज, मागच्या पडवीत वाळत घातलेल्या राजेळी केळ्यांचा गोड, जरासा आंबूस वास, संध्याकाळी चर्चची घंटा झाली की जिथे असू तिथे थांबून केलेली प्रार्थना, आणि दिवे लागल्यावर रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. आमची घरातली बोली वेगळी, गावाबाहेरच्या माणसाला निम्मी कळायची नाही अशी. ती इथे लिहीत नाही, पण वाचताना हे ध्यानात ठेवा की आई-पपांच्या तोंडी मी जी वाक्यं घालते आहे ती मुळात याहून जास्त ठसकेबाज होती.

घरात चौथं माणूस म्हणजे आत्या. पपांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, हायस्कुलात इतिहास शिकवणारी. गावात सगळे तिला सिल्वी टीचर म्हणत. तिचा इतिहास शाळेत संपायचा नाही. करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलता सोलता, वाळलेल्या केळ्यांची सुकेळी बांधता बांधता ती कुठल्या कुठल्या देशांतल्या गोष्टी सांगायची. पपा म्हणायचे, "सिल्वी, अगं फ्रान्सच्या राजाचं डोकं नंतर उडव, आधी ती करंदी धुऊन दे." आणि ती खरोखर हातातली करंदी धुऊन देऊन मग राजाकडे वळायची.

मी दहावी झाले होते. टायपिंग शिकत होते, नोकरी मिळत नव्हती. शेजारच्या वाडीतली एक मुलगी सातिवलीला कामाला जायची, तिने मला तिच्याबरोबर नेलं. सातिवली तेव्हा आमच्या लोकांना परदेशासारखी होती. आम्ही समुद्राच्या बाजूची माणसं; स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला जायचं म्हणजे बाजारहाट नाही, चर्चची मिस्सा नाही, नातेवाईक नाहीत, तर कशाला? भातशेतं मातीने भरून तिथे गाळे उभे राहत होते. एका लांबलचक इमारतीत खाली-वर खुराड्यांसारख्या खोल्या, प्रत्येकीत वेगळा धंदा. कुठे स्क्रू, कुठे प्लास्टिकच्या बादल्या, कुठे बॉलपेनं. आमच्या गाळ्यात रेक्झिनच्या बॅगा व्हायच्या. शाळेची दप्तरं, बायकांच्या पर्सेस. आम्ही वरच्या मजल्यावर, वीस-पंचवीस बाया. निम्म्या शिलाई मशीनवर आणि निम्म्या जमिनीवर बसून सोल्युशन लावायला. सोल्युशन म्हणजे चिकटवायचा तो पिवळट, तारा सुटणारा द्रव. त्याच्या वासाने पहिले काही दिवस मला घेरी यायची, मग आवडायला लागला, आणि मग तो केसांत, डब्यातल्या भाकरीत, उशीच्या अभ्र्यात, सगळीकडे बसला. आई म्हणायची, "पोरीच्या अंगाला मातीचा वास यायचा, आता कसला येतो हा?"

माझ्या शेजारी बसायची ती शेवंता. खाडीकडच्या भातशेतीच्या गावातली, माझ्याहून थोडी मोठी, हाताने काडीसारखी बारीक आणि तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी मला घेरी आली तेव्हा तिने तिच्या तांब्यातलं पाणी माझ्या तोंडावर मारलं आणि म्हणाली, "पानी पी नि खिडकीकडं तोंड कर. सगळ्यांना होतं हे. मरत नाय कोन."

गाळ्याला एकच जिना होता आणि जिन्याच्या वरच्या तोंडाशी जाळीचा सरकता दरवाजा. सगळ्या बाया आत आल्या की सुपरवायझर परब तो ओढून घ्यायचा आणि बाहेरून कुलूप लावायचा. बाया माल पळवतात, मध्येच खाली जाऊन वेळ घालवतात, असं शेठचं म्हणणं. परब तसा वाईट नव्हता. कपाळाला गंध, खिशात कंगवा, कुलूप लावून झालं की किल्लीचा जुडगा बोटावर फिरवत समोरच्या टपरीवर चहाला जायचा. खिडक्यांना लोखंडी गज होते. मला यात काही वावगं दिसलं नाही. कारखान्यात असंच असतं, असं वाटलं.

घरी मी ते गंमत म्हणूनच सांगितलं. रोझरी झाली होती, आत्या आणि मी स्वयंपाकघरात करंदी सोलत बसलो होतो, आई चुलीशी होती. मी उठून परबची नक्कल करून दाखवली. जाळी ओढणं, कुलूप लावणं, बोटावर जुडगा फिरवत तोऱ्यात जिना उतरणं. आई हसली. आत्याचे हात मात्र थांबले.

"जिना एकच आहे?" तिने विचारलं.

"एकच."

"आणि ते सोल्युशन... पेट घेतं?"

"घेत असेल. डब्यावर लाल ज्वाळेचं चित्र आहे."

आत्याने करंदीचं ताट बाजूला सारलं, आणि मग तिने मला न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. आपल्या आजोबांच्या काळातली. अमेरिकेत तेव्हा गावोगावची माणसं, देशोदेशीची माणसं शहरांकडे लोटत होती. गिरण्या, खाणी, कारखाने, धूर. एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना होता. शिवणाऱ्या पोरी इटलीतून, रशियातून बोटीने आलेल्या, कित्येक तर माझ्याहून लहान. शनिवारची संध्याकाळ, सुटायची वेळ, पोरी पगाराची पाकिटं घेऊन कोट घालत होत्या. कापडाच्या चिंध्यांना आग लागली. एका बाजूचं दार कुलूपबंद होतं. पोरींनी कापड चोरून नेऊ नये म्हणून. आगबंबाच्या शिड्या त्या मजल्यापर्यंत पोचेनात. खाली रस्त्यावर माणसं वर बघत उभी राहिली आणि वरून पोरी...

"सिल्वी, पुरे," आई म्हणाली.

पण आत्या थांबली नाही. पुढे काय झालं तेही तिने सांगितलं. पावसात, छत्र्या घेऊन, सगळं शहर त्या पोरींच्या मागे चाललं. सरकारने चौकशी नेमली. दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, कामाच्या वेळेत कुलूप लावायचं नाही, असे कायदे झाले. त्या दिवशी रस्त्यावरून ती आग बघणारी एक बाई पुढे थेट देशाची मंत्री झाली आणि तिने कामगारांसाठी आणखी कितीतरी कायदे केले. "तिथे सुधारणा झाली ती अशी," आत्या वर्गात म्हणावं तसं म्हणाली.

"म्हणजे आधी मरावं लागतं?" मी विचारलं.

आत्याने ताट पुन्हा पुढे ओढलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या पोरींनी आधी मागितलं होतं. संप केला होता, थंडीत रस्त्यावर उभ्या राहिल्या, पोलिसांचा मार खाल्ला. पण त्यांच्या मालकांनी ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी परबने जाळी ओढली आणि कुलूप लावलं. तोच आवाज मी कितीतरी दिवस ऐकत आले होते. त्या दिवशी हातातला ब्रश तसाच राहिला आणि मी पहिल्यांदा गाळ्याकडे पाहिलं. भिंतीशी रचलेले रेक्झिनचे ताके. कोपऱ्यात फोमचा ढीग, आमच्या डोक्याच्या वर गेलेला. जिन्याच्या अगदी तोंडाशी सोल्युशनचे डबे, कारण तिथून उचलायला सोपे. मशीनच्या वायरी एकाच बोर्डात कोंबलेल्या, आणि तो बोर्ड मध्येच तडतडायचा, तेव्हा त्याच्याशेजारची बाई चपलेने त्याला एक फटका मारायची. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

त्यानंतर भीती माझ्या अंगात राहायलाच आली. वेगळं कसं सांगू? ज्याने कधी दम कोंडल्याचा अनुभव घेतलेला नाही त्याला ते कळायचं नाही. काम करता करता नाक सारखं वास घ्यायचं, हा रोजचाच वास आहे की दुसरा कसला? खाली कुणी पत्रा आपटला तरी मी अर्धी उठायचे. घरी मी मोरीच्या दाराला आतून कडी लावेनाशी झाले. आई स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायला लागली की मी धावत जाऊन उघडायचे. "वेड लागलंय का?" ती विचारायची, आणि मी काही सांगत नव्हते, कारण सांगितलं असतं तर कामावर जाणं बंद झालं असतं आणि वाडीत तर घर चालेल एवढं पिकत नव्हतं. आजही लग्नाच्या हॉलमध्ये गेले की मी आधी दुसरं दार कुठे आहे ते बघते. आता वसईत उंच उंच इमारती झाल्या आहेत. नात्यातल्या एका भाचीच्या इमारतीत आगीच्या वेळचा म्हणून जो जिना आहे त्यात लोकांनी सायकली, गाद्या आणि देवघराचं जुनं कपाट भरून ठेवलंय. मी दर वेळी बोलते. तिथली मुलं मला हसतात.

शेवटी मी शेवंताला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, तिच्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी खात असताना. तिने सगळी गोष्ट ऐकली, घास चावायची थांबली.

"मग गं? त्या पोरी?"

मी मान हलवली.

तिने डबा झाकला. जेवलीच नाही. सुट्टी संपल्यावर परब आला तेव्हा तिने त्यालाच विचारलं, "परबभाऊ, तुमी चहाला गेल्यावर हितं आग लागली तर?"

"तोंड आवर," परब म्हणाला. "सकाळी सकाळी अभद्र बोलायचं नाही."

"सकाळ कुठंय, दुपार झाली. किल्ली आत ठेवा ना एक."

"शेठला सांग." आणि मग माझ्याकडे बघून, कारण मी तिच्या मागे उभी होते, "तू शिकलेली आहेस ना? मग हिच्या डोक्यात हे कुणी घातलं ते कळतं मला. काम करायचं असेल तर करा. बाहेर दहा जणी उभ्या आहेत."

बाहेर कुणी उभं नव्हतं. पण तेवढ्या वाक्याने आमची तोंडं बंद झाली. शेवंताच्या नवऱ्याचा पाय मिठागरावर अधू झाला होता. माझ्या घरी मेलेली पानवेल होती. जिला विचारावं तिच्या मागे असं काहीतरी होतंच.

मग मे महिना आला. शाळा उघडण्याआधी दप्तरांची घाई असते, त्यामुळे माल जिन्यावरसुद्धा रचलेला. उकाड्याने रेक्झिन हाताला चिकटत होतं. जेवण होऊन आम्ही परत बसलो होतो आणि परब नुकताच कुलूप लावून गेला होता. वास आधी मला आला. मी शेवंताकडे पाहिलं, तिनेही नाक वर केलं होतं. जिन्यातून धूर वर येत होता. काळा, जाड, प्लास्टिक जळल्याचा. खालच्या बादल्यांच्या गाळ्यात मोटार जळली होती.

कुणीतरी किंचाळलं आणि सगळ्या एकदम जाळीकडे धावल्या. मी नाही धावले. मी शूर होते म्हणून नव्हे. माझे पायच उठेनात. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि बघत राहिले. बायांच्या पाठी, एकमेकींच्या पाठींवर चढलेल्या, जाळी हलवल्याचा खडखडाट, "परबभाऊ, परबभाऊ" अशा हाका, खोकल्याच्या उबळी, आणि त्या सगळ्यांच्या पायांशी ते सोल्युशनचे डबे. एक आडवा झाला. त्यातून पिवळा ओघळ जिन्याच्या दिशेने चालला. मला वाटलं, ही तीच गोष्ट आहे आणि मला तिचा शेवट माहीत आहे.

शेवंताने डब्यांकडे पाहिलं आणि माझ्या नावाने ओरडली. "आगनेस! ऊठ! डबं मागं ओढ!" त्या ओरडण्याने मी उठले. दोघींनी आणि आणखी एका बाईने मिळून डबे मागच्या खिडकीखाली ओढून नेले, सांडलेल्यावर फोमचे तुकडे टाकले. तोवर परब जिन्याने वर आला होता. तोंडावर रुमाल, डोळ्यांतून पाणी. त्याने किल्ली काढली आणि त्याचा हात असा थरथरत होता की ती कुलपात जाईना. एकदा, दोनदा. जुडग्यात पाच-सात किल्ल्या, तो चुकीची लावतोय हेही त्याला कळत नव्हतं. बाया त्याला शिव्या देत होत्या, विनवत होत्या. आणि तो नुसता, "थांबा, थांबा हो, थांबा," म्हणत होता.

शेवंता बायांच्या पायांतून सरपटत पुढे गेली. तिने तो काडीसारखा हात जाळीच्या फटीतून कोपराच्याही वर बाहेर घातला आणि परबच्या हातातून जुडगा ओढून घेतला. बाहेरच्या बाजूला लटकणारं कुलूप एका हाताने, न बघता, चाचपून उघडलं. जाळी सरकली. आम्ही धुरातून, दप्तरांच्या गठ्ठ्यांवरून घसरत, पडत खाली आलो. रस्त्यावरच्या उन्हात पोचेपर्यंत मी श्वास घेतला होता की नाही, मला आठवत नाही.

आग मोठी नव्हती. खालच्यांनी वाळू टाकून ती विझवली. वर एक ठिणगी पोचली नाही. पण गोदूमावशी म्हणून आमच्यातली वयाने सगळ्यांत मोठी बाई जाळीपाशी चेंगरली होती. तिच्या बरगड्या मोडल्या आणि ती पुन्हा कधी कामावर आली नाही. शेवंताच्या दंडाची सालडी निघाली होती. परब गटाराच्या कडेला बसून ओकत होता. मग त्याने तोंड पुसलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "माझी मुलगी पण बॉलपेनच्या गाळ्यात आहे. तिथेही कुलूपच असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर जाळीला नवीन कुलूप होतं, आधीच्यापेक्षा मोठं. शेठ स्वतः आला होता. पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली. "क्या हुआ, काही झालं नाही ना? देवाची कृपा. चला, वर चला, माल द्यायचा आहे."

कुणी हललं नाही. हे ठरलेलं नव्हतं. आदल्या दिवशी सगळ्या रडत घरी गेल्या होत्या, कुणी कुणाशी काही बोललं नव्हतं. फक्त पहिल्या पायरीशी जी होती ती थांबली, आणि मागच्याही थांबल्या. मी त्या क्षणाचा पुष्कळ विचार केला आहे. आत्याच्या पुस्तकांत अशा वेळी कुणीतरी भाषण करतं. आमच्यात नुसती शांतता होती. मग माझाच आवाज आला, पातळ, फाटका.

"शेठ, कुलूप काढा. आम्ही जातो वर."

"आणि माल गेला तर? तू भरणार?"

"जाताना आमची झडती घ्या," शेवंता म्हणाली. "पन आम्ही आत असताना कुलूप नाय."

शेठ हसला. मग हसायचा थांबला. "परब, ह्या दोघींची नावं लक्षात ठेव," असं म्हणून तो गाडीत बसून गेला. आम्ही दिवसभर गल्लीत उभ्या राहिलो. ऊन डोक्यावर आलं, इतर गाळ्यांतली माणसं खिडक्यांतून बघत होती, कुणी हसत होतं, कुणी पाण्याची कळशी आणून ठेवून निमूट निघून गेलं. टपरीवर चार माणसं येऊन बसली. ती तिथली नव्हती. ती काही बोलली नाहीत. नुसती आमच्याकडे, एकेकीच्या तोंडाकडे, नीट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातलाच एक आमच्या वाडीत आला. मी मागे विहिरीवर होते. मोटरसायकल नारळीखाली लावून तो पपांशी बोलत उभा राहिला, अगदी आर्जवाने. वाडी छान आहे म्हणाला. केळी अशी का झाली, विचारलं. मग म्हणाला, "काका, मुलगी लांब जाते कामाला. पुलापलीकडे रस्ता सुनसान असतो. आपण घरच्या माणसांनी काळजी घ्यावी." एक सुकेळं तोंडात टाकलं, छान आहे म्हणाला, आणि गेला. त्याची मोटरसायकल दूरवर ऐकू येईनाशी होईपर्यंत पपा तिथेच उभे होते. हातात कोयती होती. ती त्यांनी पायऱ्यांवर ठेवली आणि घरात आले.

पपांचा चढा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, तोही माझ्यावर नाही, आत्यावर. "तुझ्या गोष्टी! अमेरिका आणि न्यूयॉर्क! ही काय तुझ्या पुस्तकातली पोर आहे?" आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती उलटून बोलेल असं मला वाटलं. पण तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली, माझ्याइतकीच. आई घरातल्या आल्तारापुढे मेणबत्ती लावून काही न मागता नुसती उभी होती. "ती जाणार नाही," पपा म्हणाले.

"बाकीच्या जातील," मी म्हटलं. "शेवंता जाईल. तिच्या घरीही कुणी गेलं असेल आज."

आत्या आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने शाळेत जायची खळ केलेली साडी नेसली होती आणि खांद्याला पर्स होती. शाळेला सुट्टी होती. "मी हिच्याबरोबर जाते," ती म्हणाली.

आम्ही दोघी एसटीने निघालो. पुलापलीकडच्या त्या रस्त्यावर प्रत्येक मोटरसायकलचा आवाज आला की आत्या माझा दंड घट्ट धरायची; तिच्या नखांचे वण मला दुपारपर्यंत होते. गल्लीत पोचलो तर बाया उभ्या होत्या. कमी झाल्या होत्या, पण होत्या. शेवंताचा दंड बांधलेला होता. "तुझ्याकडं पन आला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "माझ्या नवऱ्यानं त्याला बसवलं, पानी दिलं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी का कोण जाणे हसलो. त्या सगळ्या दिवसांतलं तेवढंच हसणं मला आठवतं.

दुपारी मान वर केली तर टपरीवर पपा बसले होते. सायकलने आले होते, इतक्या लांब. त्या चार माणसांच्या शेजारच्याच बाकड्यावर, धुवट शर्टाची सगळी बटणं लावून, पायांशी सुकेळ्यांची टोपली. ते आमच्याकडे आले नाहीत, त्या माणसांशी बोलले नाहीत. नुसते बसून राहिले. मधूनच टपरीवाल्याच्या हातून टोपली आमच्याकडे पाठवली. त्यांचा चहाचा कप बशीत वाजत होता, तो मला रस्त्याच्या या बाजूला ऐकू येत होता असं वाटतं, जरी ते शक्य नाही. रोज आले ते. इतका घाबरलेला आणि तरीही तिथे बसलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटी दप्तरांनीच काम केलं. जून तोंडावर आला होता, दुकानदार शेठच्या मागे लागले होते. एका सकाळी परब जाळीचं कुलूप काढून घेऊन खाली आला आणि आमच्यासमोर त्याने ते खिशात घातलं. कामाच्या वेळेत ते लागणार नाही, म्हणाला. सोल्युशनचे डबे खालच्या मोकळ्या खोलीत जातील, वर लागेल तेवढंच यायचं. बायांमध्ये हुश्श झालं, कुणी रडलं. मग परब आमच्या दोघींकडे वळला, जमिनीकडे बघत.

"तुम्ही दोघी नाही. बाकीच्यांनी चला."

मला वाटलं, बाकीच्या थांबतील. त्या थांबल्या, क्षणभर. एकीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि पायरी चढली. मग सगळ्याच. मला तेव्हा इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरी काय होतं ते मला माहीत होतं आणि तरी आला. शेवंता तिथेच उभी राहून ऐकत होती. सगळ्या वर गेल्या, मशीन सुरू झाल्या.

"काय ऐकतेस?" मी विचारलं.

"कुलूप नाय लागलं," ती म्हणाली. "चल."

ती पुढे शेजारच्याच औद्योगिक वसाहतीत डब्यांच्या कारखान्यात लागली. मी चर्चच्या शिवणवर्गात शिकवायला लागले आणि आयुष्यभर तेच केलं. आमच्या त्या उभं राहण्यानंतर त्या गल्लीतल्या बॉलपेनच्या गाळ्यातल्या बायांनी कुलूप काढायला लावलं, असं शेवंताकडून कळलं. मग आणखी कुणी. पुढे कधीतरी सरकारी माणूसही येऊन गेला म्हणे. आत्या म्हणायची, हे कायद्यात आधीपासूनच लिहिलेलं होतं, आपल्याला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं एवढंच. पपांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. वाडी नंतर विकली गेली.

मध्यंतरी शिवणवर्गासाठी चेन आणि बकल घ्यायला सातिवलीला गेले होते. गल्ली ओळखूच येईना. विचारत विचारत एका इमारतीपाशी आले, आणि जिना पाहिल्यावर कळलं. मी जिना चढून गेले. वर आता कसले तरी पट्टे बनतात. जेवणाची सुट्टी होती, जाळी उघडी होती, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर चाळिशीची एक बाई डबा खात बसली होती. "कोण पाहिजे, आई?" तिने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही आत असताना इथे कुलूप लावतात का?"

तिला प्रश्नच कळला नाही. "दिवसा? आत माणसं असताना?" ती हसायला लागली. "असं कुठं असतं का? वेडे का काय!"

ती सरकून बसली, पायरीवर माझ्यापुरती जागा झाली, आणि डब्याच्या झाकणात तिने अर्धी भाकरी माझ्यापुढे केली.